स्टेअरिंगला प्ले आलाय? चालायचंच!

मेकॅनिकलच्या पोरांना व्हायव्हात हमखास पडणारा एक प्रश्न आहे : "अ‍ॅकरमन स्टेअरिंग म्हणजे काय?" मीही त्याचं उत्तर आकृतीसकट दिलं होतं आणि मार्कही बरे पडले होते. पण त्या आकृतीतली मागची आडवी रेघ म्हणजे प्रत्यक्षात एक लोखंडी नळी असते, तिच्या दोन टोकांना दोन गोट्या असतात आणि त्यातली एक गोटी झिजली तर घरच्या माणसांच्या जिवाशी गाठ पडते, हे मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कळलं. तेही ट्रॅक्टरखाली पाठीवर झोपून, तोंडावर माती पडत असताना! त्याचीच ही गोष्ट. गोष्ट कमी आणि रिपेरिंग जास्त आहे, तेव्हा कंटाळा करू नका.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात. "वाशिम म्हणजे नेमकं कुठे रे?" असं हॉस्टेलवर अजूनही विचारणारे आहेत, त्यांच्यासाठी सांगतो : अकोल्याच्या खाली, हिंगोलीच्या वर. १ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्यातून वेगळा निघालेला सहा तालुक्यांचा जिल्हा. काळी जमीन. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा. सोयाबीन काढणीचे दिवस म्हणजे आमच्याकडे लग्नघर. मजूर मिळत नाहीत, परतीचा पाऊस डोक्यावर असतो आणि प्रत्येकाला ट्रॅक्टर आजच पाहिजे असतो.

घरी पोचलो त्याच संध्याकाळी बाबांनी ट्रॅक्टरची चावी हातात दिली. शेतातून रिकामी ट्रॉली घरी आणायची होती. वर्षभरानंतर मी त्या सीटवर बसलो. पहिल्या शंभर मीटरमध्येच काहीतरी चुकतंय हे जाणवलं. स्टेअरिंग सरळ धरलं तरी ट्रॅक्टर रस्ता हुंगत चालला होता. थोडा वेग घेतला की उजवं चाक थरथरायचं. पांदणीतून वर येताना एक जुना पूल लागतो, त्याला कठडे नाहीत. त्या पुलावर उजवं चाक चाकोरीत घसरलं आणि मी स्टेअरिंग डावीकडे मारल्यावर क्षणभर उशिरा वळलं. क्षणभरच. पण खाली नाला होता.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "दोन वर्सांपासून तसंच हाय ते. चालते."

इथेच या लेखातला मुद्दा आहे. बाबा निष्काळजी नाहीत. ते ट्रॅक्टर रोज चालवतात, म्हणून त्यांना ते जाणवत नव्हतं. झीज रोज इतकी थोडी वाढते की हात आपोआप जुळवून घेतो. आज एक बोट जास्त फिरवायचं, सहा महिन्यांनी दोन बोटं. आपण स्टेअरिंग दुरुस्त करत नाही, आपला हात दुरुस्त करतो! मी वर्षभर दूर होतो, म्हणून माझा हात जुनाच राहिला होता. बस्स, एवढंच. यात माझी काही हुशारी नाही, हे पुढे कळेलच.

दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॉलीतून आई आणि अकरा बाया सोयाबीन सोंगायला जाणार होत्या. मालाच्या ट्रॉलीत माणसं नेणं नियमात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ते रोज घडतं, हेही तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "बाबा, उद्या ट्रॉली नका काढू." बाबा म्हणाले, "मजूर एका दिवसाचं तुटलं त सुडी पावसात जाईन. तू भरून देशीन काय?" दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. शेवटी आईनंच निकाल दिला, "पायी जातो आमी. तीन किलोमीटर त हाय. तुमी ट्रॅक्टर पाहा."

पहिली चूक : पुस्तकातला शहाणपणा

सकाळी पाना घेऊन मी कामाला लागलो. स्टेअरिंगला प्ले म्हणजे स्टेअरिंग बॉक्समधले दाते झिजले, असं मी ठरवूनच टाकलं. बॉक्सवर एक अ‍ॅडजस्टिंग स्क्रू असतो. तो अर्धा फेरा आवळला. परिणाम काय? स्टेअरिंग सरळ असताना थोडं घट्ट लागायला लागलं, पण पूर्ण वळवलं की दोन्ही टोकांना अडकायला लागलं. कारण सोपं आहे. बॉक्स मधल्या भागातच जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. मधला प्ले काढायला आवळलं तर न झिजलेली टोकं जाम होतात. आणि उजव्या चाकाची थरथर? ती जशीच्या तशी.

तेवढ्यात गावातले मिस्त्री आले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी आधी माझा स्क्रू पूर्ववत केला आणि म्हणाले, "अबे इंजिनेर, खाली झोप. डोये मिट. बॉलवर हात ठेव."

प्ले कुठे आहे ते आधी शोधा

आता ही पद्धत नीट समजून घ्या, कारण पार्ट बदलणं सोपं असतं, कोणता बदलायचा हे ठरवणं अवघड.

आमच्या ट्रॅक्टरची मांडणी अशी. स्टेअरिंग बॉक्समधून एक दांडा डाव्या चाकाकडे जातो. ही ड्रॅग लिंक. ती डाव्या चाकाच्या स्टेअरिंग आर्मला ढकलते किंवा ओढते. डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एक आडवी नळी जाते. हा टायरॉड. म्हणजे ड्रायव्हर फक्त डावं चाक वळवतो आणि डावं चाक उजव्याला वळवतं. या साखळीत प्रत्येक सांध्यावर एक बॉल जॉइंट असतो. टायरॉडच्या टोकाला असतो त्याला टायरॉड एंड म्हणतात. (काही ट्रॅक्टरांत दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या ड्रॅग लिंक असतात. तपासायची रीत तीच.)

चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकानं वर बसून स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली एकेका सांध्यावर हात ठेवून, दांडा आणि आर्म एकत्र हलतात की आधी एक आणि मग दुसरा, हे पाहायचं. चाचांनी स्टेअरिंग हलवलं. ड्रॅग लिंक हलली, डावं चाक लगेच हललं. टायरॉडचं डावं टोकही बरोबर हललं. उजव्या टोकावर हात ठेवला तर आधी नळी सरकली, 'टक' झालं आणि मग आर्म हलला. डोळे मिटल्यामुळे तो 'टक' बोटांना स्पष्ट कळला.

म्हणजे उजव्या आर्मपर्यंत सगळं ठीक आणि तिथून पुढे गडबड. इलेक्ट्रिकलवाले मित्र एका टोकापासून टेस्टर लावत जातात, तसंच हे. जिथे हालचाल हरवते, तिथे दोष.

आणखी एक खात्री करून घ्यावी. ते चाक जॅकवर उचला. वर-खाली पकडून हलवलं आणि चाक डुललं, तर दोष बेअरिंगमध्ये किंवा किंगपिनच्या बुशमध्ये. फक्त चाकच डुललं तर बेअरिंग, चाकाबरोबर त्याचा आससुद्धा डुलला तर किंगपिन. डावी-उजवीकडे पकडून हलवल्यावरच प्ले येत असेल, तर टायरॉड एंड. आमचं तसंच निघालं.

ही गोटी झिजते कशी?

टायरॉड एंड म्हणजे आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा प्रकार. पोलादी गोटी एका वाटीत बसवलेली असते. बहुतेक प्रकारांत खालून स्प्रिंगचा दाब असतो, वर रबरी टोपी असते आणि आत ग्रीस. चाक वळतं, पुढचा अ‍ॅक्सल खड्ड्यात एका बाजूला झुकतो, तरी दांडा अडकत नाही, कारण गोटी सगळ्या बाजूंनी फिरू शकते.

तिचा खरा शत्रू म्हणजे फाटलेली रबरी टोपी. टोपी फाटली की ग्रीस बाहेर आणि चिखल आत. काळ्या मातीत बारीक वाळूचे कण असतातच. ग्रीस आणि वाळू मिळून चांगली पॉलिश पेस्ट तयार होते आणि ती दिवसरात्र गोटी घासत बसते. आमच्या एंडची टोपी कधीच गेली होती आणि ग्रीस निप्पल मातीनं बुजलं होतं. तीस रुपयांच्या टोपीकडे लक्ष दिलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

आता जरा हिशेब करू. गोटीत ३ मिमी प्ले आहे आणि स्टेअरिंग आर्म १५० मिमी लांब आहे, असं धरा. म्हणजे चाक ३ ला १५० या प्रमाणात मोकळं फिरणार, साधारण १.१५ अंश. ऐकायला कमी वाटतं ना? पण पुढच्या ६.००-१६ टायरचा व्यास सुमारे ७२० मिमी असतो. १.१५ अंशात टायरची पुढची आणि मागची कड यांच्यातला फरक होतो १४.४ मिमी. पुढची चाकं किती आत वळलेली असावीत, याचा कारखान्याचा आकडा असतो जेमतेम काही मिलिमीटर. म्हणजे नखाएवढी झीज, आणि चाक त्या आकड्याच्या कितीतरी पट भटकायला मोकळं! शिवाय गोटी फार झिजली, तर ती एके दिवशी वाटीतून निसटते. मग डावं चाक ड्रायव्हरचं ऐकतं आणि उजवं चाक रस्त्याचं.

काढायचं कसं?

ट्रॉली सोडा. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. पुढचा अ‍ॅक्सल मध्ये पिनवर डुलतो, म्हणून जॅक ज्या बाजूचं काम आहे त्याच बाजूला लावा आणि जॅकच्या भरवशावर राहू नका. खाली लाकडी ओंडका सरकवा. ओंडका बसल्याशिवाय चाचांनी मला खाली जाऊ दिलं नाही.

स्प्लिट पिन काढली, कॅसल नट सोडला. नट निघाला की एंड हातात येईल, ही माझी समजूत. पण तो हलायला तयार नाही! कारण त्याचा खुंटा निमुळता असतो आणि आर्मच्या निमुळत्या भोकात पाचरीसारखा बसलेला असतो. त्याला खरं धरून ठेवते ती ही पाचर. नट फक्त ती पाचर ओढून बसवतो.

मी घन उचलला आणि खुंट्याच्या आट्यांवर मारणार, तोच चाचांनी हात धरला. तिथे मारलं की आटे चेपतात, खुंटा फुगतो आणि काम दुप्पट होतं. बरोबर रीत अशी : नट दोन-तीन आट्यांवर परत लावून ठेवायचा, म्हणजे एंड एकदम उडत नाही. मग आर्मच्या भोकाच्या एका बाजूला जड घन टेकवायचा आणि दुसऱ्या बाजूनं हातोड्याचा सणसणीत ठोका द्यायचा. ठोका खुंट्याला नाही, आर्मच्या कानाला. त्या झटक्यानं भोक क्षणभर किंचित लांबट होतं आणि पाचर सुटते. तिसऱ्या ठोक्याला 'टण्' आवाज बदलला आणि एंड खाली आला. पुलर असेल तर तो सगळ्यात चांगला.

मग चेक नट ढिला करून एंड नळीतून फिरवून काढायचा. इथे मी दुसरी चूक केली. चाचा दुसऱ्या एका ट्रॅक्टरकडे गेले होते आणि मी उत्साहात भराभरा फिरवून एंड बाहेर काढला. किती फेरे फिरवले, ते मोजलंच नाही!

जुना एंड पिशवीत टाकून रिसोडला गेलो. दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, "डाव्या आट्याचा का उजव्या?" मी गप्प. टायरॉडच्या एका टोकाला डावे आटे असतात आणि दुसऱ्याला उजवे, म्हणजे नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम लांब किंवा जवळ होतात. नशीब, सँपल सोबत होतं. नवा पार्ट आपल्या मेसच्या महिन्याच्या बिलापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळाला.

बसवताना

खुंटा आणि भोक कोरड्या फडक्यानं पुसा. पाचरीवर ग्रीस लावायचं नाही. ती घर्षणावरच धरते. नट आवळताना खुंटाच फिरायला लागला, तर एंड खालून-वरून दाबून धरा, पाचर बसली की फिरणं थांबतं. नट पूर्ण आवळल्यावर पिनचं भोक जुळलं नाही, तर आणखी थोडा आवळून जुळवा. भोकासाठी नट मागे ढिला करायचा नाही. आणि स्प्लिट पिन नवीच घाला. जुनी सरळ करून वापरणं म्हणजे चार आणे वाचवून ट्रॅक्टर नाल्यात घालणं. शेवटी ग्रीस गननं ग्रीस भरा.

अ‍ॅकरमनसाहेब कामाला आले

ट्रॅक्टर चालवून पाहिला. थरथर गेली, पण स्टेअरिंग जड झालं आणि पुढची चाकं मातीत ओरखडे काढत चालली. चाचा परत आले, चाकांकडे लांबून पाहिलं आणि म्हणाले, "चाकं एकमेकांले पाहून राह्यले. आटे मोजले होते काय?" मी मान खाली घातली.

आता थोडी थिअरी. वळणावर आतलं चाक छोट्या वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या. दोन चाकांच्या किंगपिनमध्ये १.३ मीटर आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये २ मीटर अंतर धरलं, तर आतलं चाक ४० अंश वळताना बाहेरचं सुमारे २८.५ अंशच वळायला पाहिजे, नाहीतर एक चाक फरफटतं. ही युक्ती म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनश्पेर्गर या घोडागाडी बनवणाऱ्यानं १८१७ मध्ये काढली आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ अ‍ॅकरमननं इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. अ‍ॅकरमन स्वतः लंडनमधला प्रकाशक! डोकं एकाचं, नाव दुसऱ्याचं. (सबमिशनच्या फायलींचा अनुभव असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) ही सगळी भूमिती टायरॉडच्या लांबीवर उभी आहे. लांबी चुकली की सरळ रस्त्यावरसुद्धा चाकं तिरकी.

मोजायची पद्धत अशी. स्टेअरिंग सरळ ठेवा. दोन्ही पुढच्या टायरांच्या मधोमध, समोरच्या बाजूला, अ‍ॅक्सलच्या उंचीवर खडूची खूण करा आणि टेपनं अंतर मोजा. ट्रॅक्टर सरळ पुढे ढकला, खुणा अर्धा फेरा फिरून मागे त्याच उंचीवर आल्या की परत मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा थोडं कमी पाहिजे. हा टो-इन.

आमचं पुढे निघालं १२९६ मिमी, मागे १३१८. टो-इन २२ मिमी. ट्रॅक्टरच्या पुस्तकात होतं ३ ते ५. म्हणजे सुमारे १८ मिमी जास्त. आमच्या टायरॉडचे आर्म अ‍ॅक्सलच्या मागे आहेत, त्यामुळे टायरॉड लांब झाला की चाकं पुढून जवळ येतात. म्हणजे मी नवा एंड आत कमी फिरवला होता.

बाबा म्हणाले, "थोडं थोडं फिरवत पाहू." मी म्हटलं, "थांबा बाबा, पाच मिनिटं द्या." कागद घेतला. आट्यांचं अंतर १.५ मिमी. नळी एक फेरा फिरवली की दोन्ही टोकं मिळून टायरॉड ३ मिमीनं आखूड होतो. आर्म १५० आणि टायर ७२०, म्हणजे ४.८ पट. ३ गुणिले ४.८ म्हणजे १४.४ मिमी. मला हवेत १८. अठरा भागिले १४.४, बरोबर सव्वा.

दोन्ही चेक नट ढिले केले, नळी सव्वा फेरा फिरवली, चेक नट आवळले आणि ट्रॅक्टर थोडा पुढे नेऊन परत मोजलं. टो-इन ४ मिमी. चाचांनी टेप माझ्या हातातून घेऊन स्वतः एकदा मोजलं आणि काही न बोलता बिडी पेटवली. माझ्या आजवरच्या सगळ्या व्हायव्हांपेक्षा मला ते जास्त वाटलं.

तेव्हा आटे मोजाच. पण फक्त त्यावर विसंबू नका, कारण नवा एंड जुन्यापेक्षा थोडा लांब किंवा आखूड असू शकतो. मोजमाप शेवटी टेपनंच करायचं.

तुमच्यासाठी

संध्याकाळी बाबा एकटेच ट्रॅक्टर घेऊन पांदणीतून फेरी मारून आले. उतरल्यावर म्हणाले, "हलकं झालं रे. मले त वाटे रस्ताच खराब हाय."

हॉस्टेलवर ट्रॅक्टर नाही, हे मान्य. पण बाइक तर आहेत? मधल्या स्टँडवर लावा, मित्राला मागे बसवून पुढचं चाक उचला, फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा. 'टक' झालं तर कोनसेट पाहा. मोठ्या मैदानांवर बसून चालवायची गवत कापायची यंत्रं असतात, त्यांच्याही पुढच्या चाकांना हेच छोटे बॉल असतात आणि तेही असेच झिजतात. आणि घरी नवा, पॉवर स्टेअरिंगचा ट्रॅक्टर असेल, तर जास्त लक्ष द्या. पॉवर स्टेअरिंग चाकाचे धक्के हातापर्यंत येऊच देत नाही, म्हणजे झीज आणखी लपते.

सुट्टीत घरी गेलात की पहिल्याच दिवशी, तुमच्या हाताला सवय व्हायच्या आत, घरची गाडी एकदा चालवून पाहा. काही वेगळं जाणवलं तर "चालते" म्हणू नका. कोणाला तरी स्टेअरिंगवर बसवा, खाली झोपा, डोळे मिटा आणि बॉलवर हात ठेवा.

तो जुना एंड माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवला आहे. कोणीही रूमवर येऊन हलवून बघा. तीन मिलिमीटर म्हणजे किती, हे आकृतीत कळत नाही.